सुगंधाताई आणि वाढलेलं ॲसिड

“दही. माझ्या रिॲक्टरमध्ये दही लावलंय कोणीतरी. मी काय डेअरी काढलीय का?”

मोठे साहेब रिॲक्टरच्या उघड्या झाकणाशी उभे राहून आत बघत ओरडत होते. रिॲक्टर म्हणजे दोन मजले उंच लोखंडी पातेलं. त्याच्या तोंडाशी ओरडलं की आवाज आत चार गिरक्या मारतो आणि दुप्पट होऊन बाहेर येतो. त्या सकाळी तो रबाळ्याहून निघाला, खाडी ओलांडून मुलुंडला गेला आणि तिथल्या बायकांनी आपापल्या दूधवाल्याला जाब विचारला, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो, पण साहेबांचा आवाज ज्यांनी ऐकलाय ते मला खोटं पाडणार नाहीत.

पातेल्यात असायला हवं होतं बामाचं तेल. सरबतासारखं पातळ, नितळ. त्या जागी पांढराशुभ्र, घट्ट, कवडीदार ऐवज होता आणि त्यात ढवळणीचं पातं अडकून बसलं होतं. साहेबांनी तिथल्या तिथे दोन हुकूम सोडले. हे सगळं सांडपाण्याच्या टाकीत ओता, आणि ज्याने हे केलंय तो आज संध्याकाळी गेटच्या बाहेर.

ज्यांनी केलं होतं ते, म्हणजे घाडगे, साहेबांच्या मागेच उभे होते. आदल्या दुपारच्या पाळीचे इनचार्ज. मूळचे साताऱ्याकडचे, चाळिशी उलटलेले. आधीची कंपनी बंद पडली म्हणून आमच्याकडे आलेले. मुलीला नुकतंच नेरूळच्या कॉलेजात घातलेलं. त्यांनी तोंड उघडलं, तर आवाजाऐवजी बामाचा वास आला. भीतीने माणसाला घाम फुटतो, आमच्या कारखान्यात बाम फुटायचा.

तेवढ्यात लोखंडी जिना दणदणला. सुगंधाताई वर आल्या. अंगावर शालू, पदर कमरेला खोचलेला, शालूवर कंपनीचा एप्रन, गजऱ्यावर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. भाच्याचं लग्न होतं त्या दिवशी. साहेबांचा फोन गेला तेव्हा त्या मांडवात होत्या. दागिने अर्धे बहिणीकडे फेकून स्कूटरवर आल्या होत्या. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. काचेची कांडी पांढऱ्या लगद्यात बुडवली, कमरेचा रुमाल काढला आणि कांडी त्याला टेकवली. रुमाल आदल्या रात्रीच्या हळदीने पिवळाजर्द झालेला होता. कांडी टेकली तिथे कुंकवाएवढा लाल ठिपका उमटला.

“कॉस्टिक हाय ह्यात,” त्या म्हणाल्या. “कोनी घातलं?”

हळदीला कॉस्टिक, म्हणजे ॲसिड मारणारा दाहक क्षार, लागला की ती लाल होते हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते तपासायला लग्नातला रुमाल काढणारी बाई आम्ही दुसरी पाहिली नाही. तपासायचे कागद माझ्या स्टोअरमध्ये गठ्ठ्याने पडले होते. ते मागायला कोणी आलं नाही, हे आपलं जाता जाता सांगतो.

घाडगे पुढे झाले. “मी घातलं मॅडम. तुम्हीच फोनवर म्हणालात ना, ॲसिड वाढलं.”

सुगंधाताई गप्प झाल्या. ही बाई कधी गप्प झाली नव्हती. बॉयलरची शिट्टी वाजत असताना तिच्या वरच्या सुरात बोलायची तिची ख्याती. ती गप्प झाल्यावर पंपाचा आवाज ऐकू यायला लागला. तो पंप चालतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

ती का गप्प झाली, हे कळायला ती बाई काय होती ते सांगावं लागेल.

सुगंधाताई पाटील बोनकोड्याच्या. खाडीकाठची भातशेती आणि मिठागरं गेली, त्यांच्या जागी सेक्टर आले, आणि सेक्टरांच्या मधोमध जे गाव तग धरून राहिलं त्यातल्या. घरची चार मजली बिल्डिंग. खाली गाळे, वर भाडेकरू. पगाराची त्यांना गरज नव्हती आणि हे त्या पगाराच्या दिवशी न चुकता बोलून दाखवत. एम.एस्सी. होत्या, केमिस्ट्रीतल्या. गावात पहिल्या. त्याचं पेढ्यांचं वाटप इतकं मोठं झालं म्हणे, की कोपरखैरण्यातला खवा आठवडाभर मिळाला नाही. आमच्याकडे त्या प्रॉडक्शन मॅनेजर. नवरा न्हावा शेव्याला, कस्टम्सच्या कागदपत्रांत. दोघांची जेवताना भांडणं व्हायची तीही धंद्याची.

कारखाना आता तिथे नाही. त्या जागी काचेची इमारत उभी आहे आणि आत पोरं हेडफोन लावून बसतात. त्यातल्या कोणाचंही डोकं दुखत नाही असं ऐकतो. जमिनीत मुरलंय ते जाणार कुठे? आमच्या काळी तर त्या अख्ख्या गल्लीत सर्दी शिरायला घाबरायची. सुगंधाताईंची स्कूटर सिग्नलला थांबली की शेजारच्या रिक्षावाल्याचं नाक मोकळं व्हायचं. त्यांच्या बिल्डिंगमधले डास लंगडत का होईना, पण पाठदुखीशिवाय उडायचे.

ह्या तेलाचं गणित सोपं आहे. सॅलिसिलिक ॲसिड नावाची पांढरी पूड आणि मिथेनॉल नावाचं पाण्यासारखं स्पिरिट एकत्र करायचं, जरासं सल्फ्युरिक घालायचं आणि उकळायचं. दोघांचं लग्न लागतं आणि तेल तयार होतं. आता दोघांपैकी एक कोणीतरी आधी संपणार. तो संपला की दुसरा ड्रमभर उरलेला असला तरी उपयोग नाही. काम तिथे थांबलं. तेल किती निघणार हे जो आधी संपतो तो ठरवतो, जो उरतो तो नाही. त्याला पुस्तकात लिमिटिंग रिएजंट म्हणतात. आम्ही मुद्दाम ॲसिड आधी संपेल असं माप घालायचो. कारण उरलेलं मिथेनॉल उकळून परत काढता येतं, उरलेलं ॲसिड मात्र तेलाला भाडेकरूसारखं चिकटून बसतं. हे उदाहरण ताईंचं. भाडेकरूंच्या समोर द्यायच्या.

नवीन केमिस्ट आला की त्याची मुलाखत त्या घ्यायच्या. प्रश्न एकच. दोन पदार्थांची वजनं सांगायची आणि विचारायचं, आधी कोण? दहातले नऊ जण ज्याचं वजन कमी त्याचं नाव घ्यायचे. मग ताई खुर्ची पुढे ओढायच्या.

“एका टोपलीत जवळा, एका टोपलीत सुरमई. वजन सारखं. डोकी सारखी का?”

उमेदवार गोंधळायचा. केमिस्ट्रीच्या मुलाखतीत कोलंबीच्या धाकट्या भावंडाबद्दल विचारतील अशी कोणाची तयारी नसते. ताई समजावायच्या. मिथेनॉल म्हणजे जवळा, ॲसिड म्हणजे सुरमई. सारख्या वजनात मिथेनॉलची डोकी ॲसिडच्या चौपटीहून जास्त. लग्न डोक्यांचं लागतं, किलोंचं नाही. “वजनाला भुलू नको. डोकी मोज. आणि एका डोक्याला समोरची किती डोकी लागतात ते बघ. मग सांग.” डोंबिवलीचा एक उमेदवार म्हणाला, मॅडम, आम्ही शाकाहारी आहोत, जवळा कसा असतो ते माहीत नाही. त्याला त्यांनी नेमलं, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून सुका जवळा आणून त्याच्या टेबलावर मोजायला ठेवला. तो मोजत बसला. त्याला पुढे मोलचं, म्हणजे डोकी मोजायचं, गणित इतकं पक्कं झालं आणि वास इतका आवडला, की आज तो दिवाळीत बोंबील सुकवतो. हे त्याच्या घरी सांगू नका.

नवऱ्याला हे पटायचं नाही. तो म्हणायचा, तुझ्या पातेल्यात असेल, आमच्या बंदरात जवळाही नाही आणि सुरमईही नाही. कंटेनर भरलेला, ट्रेलर उभा, जहाज लागलेलं, ड्रायव्हर चहा पिऊन पिऊन कावलेला, आणि सगळं अडलेलं एका सहीसाठी. ताई म्हणायच्या, मग तेच तर. तुमच्यात सही लिमिटिंग. दोघं एकच गोष्ट बोलत होते हे त्यांना कधी कळलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. भांडणं ऐकायला बरी वाटायची.

एवढी हुशार बाई. पण तिच्यात एक गोष्ट होती. ती ‘संपलं’ म्हणायची नाही.

तुमच्याही घरात कोणीतरी असेल. मीठ संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. तांदूळ संपले म्हणू नये, वाढले म्हणावं. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांच्या तोंडून हे हळूहळू गेलं. डबा रिकामा झाला की मोबाइलवर बोट दाबायचं आणि माणूस पिशवी घेऊन दारात. तिथे शब्दाला कोण विचारतो? पण बोनकोड्यात ताईंच्या आईने तो नियम असा पाळला होता, की घरात ‘संपलं’ म्हणणाऱ्या सुनेला परत बाहेर जाऊन, चप्पल घालून, पुन्हा आत यायला लावायची. मिठागरवाल्यांचं घर. मीठ संपलं म्हणणं म्हणजे स्वतःच्या मुळावर येणं. ताई केमिस्ट्री शिकल्या, त्यांनी अणू फोडले, रेणू जोडले, पण तो नियम काही मोडला नाही. फक्त त्यांनी तो मिठावरून ॲसिडवर आणला.

तर आमच्या कारखान्यात ॲसिड संपायचं नाही. वाढायचं. डिझेल वाढायचं, हातमोजे वाढायचे. स्टोअरला मी होतो, माझ्या खिडकीशी येऊन त्या “ग्लव्हज वाढले हाएत” म्हणाल्या की मी उठून नवीन खोकं फोडायचो. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. चिपळूणकडचे आम्ही, आमच्याकडेही वाढतं. कॅन्टीनवाला मंगळूरचा होता, त्याची मात्र पंचाईत. त्याने एकदा फळ्यावर ‘भात संपला’ लिहिलं. ताईंनी ते पुसलं आणि ‘भात वाढला’ लिहिलं. शेजारच्या दोन कंपन्यांचे लोक ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. त्यांना वाटलं, भात वाढून ठेवलाय. रांग वळणाला लागली तेव्हा कॅन्टीनवाल्याने दार लावून घेतलं आणि आतून कानडीत जे काही म्हणाला, ते वाढत्या श्रेणीत होतं एवढं कळलं.

ऑफिसात त्यांची मराठी शुद्ध असायची, इंग्रजी शब्द पेरलेली. तापल्या की मात्र गावाची बोली वर यायची. ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं, ‘ण’चा ‘न’ व्हायचा. ‘हाय’ ऐकू आलं की लोक हेल्मेट नीट करायचे.

घाडगे आले तेव्हा राहायला जागा शोधत होते. ताईंनी आपल्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली. म्हणजे घाडगे कामावर त्यांच्या हाताखाली आणि घरी त्यांच्या डोक्यावर, कारण ताई पहिल्या मजल्यावर. ते त्यांना गेटच्या आत ‘मॅडम’ म्हणायचे आणि गेटच्या बाहेर ‘ताई’. एकदा बरोबर गेटात भेटले तर नुसते हात जोडून उभे राहिले. घाडग्यांचा स्वभाव असा की चहात साखर घालायची तरी आधी चमचा तोलून बघतील. चूक होईल या भीतीने त्यांनी आयुष्यात एकही चूक केली नव्हती. अशा माणसाने एखादी केलीच, तर ती फार विचार करून केलेली असते.

आता त्या आदल्या दुपारकडे येतो.

भाच्याची हळद होती. आगरी हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायची गरज नाही. पहिलं आधण दुपारीच चुलीवर चढतं. मटणाच्या पातेल्यात उतरायला शिडी लागते. स्पीकरच्या भिंतीसमोरून चाललं तर शर्टाची बटणं आपोआप तुटतात. आमच्या सकाळच्या पाळीला, म्हणजे फस्टला, सगळ्यांना आमंत्रण होतं. मी होतो, लॅबवाल्या बाई होत्या. बाईंनी निघण्यापूर्वी रिॲक्टरचा नमुना तपासला होता. ॲसिड उरलंय का बघायला कॉस्टिक थेंब थेंब टाकतात, तर सल्फ्युरिकचा वाटा सोडला की पुढच्या पहिल्याच थेंबाला गुलाबी. म्हणजे ॲसिड पूर्ण कामी आलेलं. बाईंनी ते जिन्यात ताईंना सांगितलं, घाडग्यांना सांगायचं राहिलं. दुपारी घाडगे पाळीवर आले, नमुन्याचा निकाल कुठे दिसेना, म्हणून त्यांनी ताईंना फोन लावला.

मी ताईंच्या शेजारीच बसलो होतो. ताटात वडे होते. समोर पंगत, आणि वाढपी ओरडत होते, वाढा, इकडे वाढा. नेरूळहून आलेले मुलीकडचे पाहुणे बसले होते. एक म्हातारी येऊन सांगून गेली की पहिल्या पातेल्यातलं मटन वाढलं. पाहुणे खूश होऊन ताटं सरसावून बसले आणि तसेच बसून राहिले. मराठीत एका शब्दाला तीन पोटं असतात. एकात वाढतं, एकात वाढून देतात आणि एकात काहीच उरत नाही. पाहुण्यांनी चुकीचं पोट धरलं होतं.

त्या गोंधळात ताईंनी एक कान बोटाने बंद केला, दुसऱ्याला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, “ॲसिड वाढलंय. आता धुवायला घ्या.” यातलं पहिलं वाक्य पोचलं. दुसरं स्पीकरने खाल्लं. फोन कटला. नंतर घाडग्यांनी पुन्हा पुन्हा लावला, पण तोवर ताईंचा फोन हळदीच्या परातीशेजारी कुठेतरी उताणा पडला होता.

घाडग्यांनी विचार केला. मॅडम म्हणतात ॲसिड वाढलं. म्हणजे जास्त झालं. कोणीतरी माप चुकवलंय. मॅडम नेहमी मीठ-हातमोज्यांचं ‘वाढलं’ म्हणतात ते त्यांना माहीत होतं, पण इतक्या घाईत, इतक्या गोंगाटात ज्या ओरडून सांगतात, ते संकटच असणार. आता जास्तीचं ॲसिड मारायला नेहमीचा, तेल धुवायचा सोडा घातला तर फेस येऊन पातेलं उतू जाईल. कॉस्टिकला फेस येत नाही. म्हणून कॉस्टिक. ह्यात एक पाऊल चुकीचं टाकलेलं नव्हतं. फक्त मारायला ॲसिड नव्हतंच. सल्फ्युरिकने आपला वाटा खाल्ला, आणि उरलेल्या कॉस्टिकला समोर तेल दिसलं, त्याने तेल धरलं. थंड पातेल्यात पांढरा थर आला, जाड झाला, पातं अडकलं. घाडगे रात्रभर जिन्यावर बसले. पाळी बदलली तरी उठले नाहीत.

तर सकाळ. रुमालावर लाल ठिपका. ताई गप्प. साहेबांनी पुन्हा सांडपाण्याच्या व्हॉल्व्हकडे हात केला.

ताई व्हॉल्व्हसमोर जाऊन उभ्या राहिल्या. शालूचा काठ खालच्या ओल्यात भिजला. “थांबा साहेब. घाडगे, कॉस्टिक किती घातलं?”

“एक ड्रम.”

“आणि तेल पातेलंभर.” त्या साहेबांकडे वळल्या. “साहेब, डोकी मोजा.”

साहेब म्हणाले, मला शिकवू नका, सगळं नासलेलं डोळ्यांना दिसतंय. थेंबभर ताकाने पातेलंभर दूध नासतं, इथे तर ड्रम ओतलाय.

“हे विरजन नाय. विरजन चमचाभर लावलं तरी पातेलंभर दही होतं, कारन ते वाढतं. म्हंजे, खरंच वाढतं.” त्या क्षणभर अडखळल्या, मग पुढे गेल्या. “कॉस्टिक मोजून बिघडवतं. एका डोक्याला एक डोकं. त्याची डोकी झाली की त्याचा हात थांबला. बिघडवनारा आधी खलास, तेल उरलं. वरवर सगळं दही दिसतं, कारन दही पसरलंय. आत तेल हाय.”

“आणि जे धरलं ते?”

“ते सोडवते.”

एक माणूस अख्खा कारखाना बुडवू शकतो असं साहेबांना वाटत होतं, आणि ही बाई सांगत होती की नाही बुडवू शकत, त्याच्याकडे तेवढा माल नव्हता. साहेबांना यात समाधान वाटावं की अपमान, कळेना. ते खुर्ची मागवून बसले. बसण्यात परवानगी आहे असं ताईंनी धरलं.

पुढचं काम रटाळ होतं, आणि चांगली कामं बहुतेक रटाळच असतात. आधी बर्फाचं पाणी घालून लगदा सैल केला. पात्याची मोटर बंद करून दांडा दोन माणसांनी पाना लावून हाताने फिरवला. त्यातला एक मी. माझे दंड तेव्हापासून असे आहेत, नाहीतर मी सडपातळ होतो. मग पातेल्याभोवतीच्या कप्प्यात थंड पाणी सोडलं आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक सुईच्या धारेने आत. घाई केली तर तापेल, तापलं तर खरंच नासेल. व्हॉल्व्हवर ताईंनी घाडग्यांना उभं केलं. साहेब म्हणाले, त्यालाच? ताई म्हणाल्या, हात स्थिर त्याचाच आहे.

दर थोड्या वेळाने कांडी बुडायची आणि रुमालावर ठिपका उमटायचा. लाल. लाल. विटकरी. नारिंगी. मांडवातून फोन येत होते. आत्याशिवाय नवरदेव बाहेर पडणार नाही, तो हट्ट धरून बसलाय. ताई सांगत होत्या, गोरज मुहूर्त आहे, येते, तोवर त्याला पंखा द्या. दुपार कलली तेव्हा कांडी टेकली आणि रुमाल पिवळा तो पिवळाच राहिला. झाकणातून पाहिलं तर पांढरं काही नव्हतं. वर गढूळ पाणी, आणि तळाशी, दिवा धरला की चमकणारं, जड तेल. हे तेल पाण्यावर तरंगत नाही, बुडतं. खालचा नळ उघडला आणि पहिली धार आली तशी साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी धारेखाली बोट धरलं, कपाळाला चोळलं आणि डोळे मिटून घेतले. त्यांचं डोकं सकाळपासून दुखत असणार.

“किती गेलं?” त्यांनी विचारलं.

जे रात्रभर कॉस्टिकमध्ये पडून होतं त्यातलं थोडं गेलंच. ते ताईंनी सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

पण साहेबांचा दुसरा हुकूम अजून कायम होता. तेल वाचलं म्हणून शिस्त वाचली असं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. कोणीतरी जायला हवं, नाहीतर उद्या प्रत्येक जण हवं ते ओतेल. ऑफिसात ताई, साहेब आणि बर्फाची पावती सही करून घ्यायला आलेला मी. घाडग्यांना आत बोलावलंच नव्हतं. त्यांनी तोवर माझ्या खिडकीशी कंपनीचे बूट, गॉगल आणि हेल्मेट आणून ठेवलं होतं आणि घरच्या चपला घालून, डब्याची पिशवी धरून गेटाशी जाऊन उभे होते.

“तो चुकला की नाही, सुगंधाबाई?” साहेबांनी विचारलं.

“चूक व्हायला दोघं लागली साहेब. एक बोलनारा, एक ऐकनारा. एकास एक. मी बोलले नसते तर त्यांनी ऐकलं नसतं. शिक्षा द्यायची तर सारखी द्या.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. दोघं गेली तर रिॲक्टर कोण चालवणार, हा हिशेब त्यांच्या कपाळावर सरळ वाचता येत होता, बामाखालीसुद्धा. मी पावती उगाच उलटीपालटी करत राहिलो.

शेवटी ते म्हणाले की ठीक आहे, पण उद्यापासून माझ्या कारखान्यात हे वाढलं-बिढलं बंद. संपलं तर सरळ संपलं म्हणायचं. तुम्ही आधी म्हणायचं, सगळ्यांसमोर.

ताईंचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता राजीनामा येतो. दिवसभर एवढं काम केलं, पण त्यांच्या कपाळावर घाम मला तेव्हा दिसला.

“ते माझ्या तोंडून येनार नाय साहेब,” त्या म्हणाल्या. “आईला शब्द दिलाय असं नाय. तोंडच वळत नाय. पन वाढलंही म्हननार नाय. शून्य म्हनेन.”

“शून्य?”

“ॲसिड शून्य. आकडा हाय तो. साताऱ्यालापन तोच हाय.”

साहेबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की कंटाळून, ते त्यांनाच माहीत. ताईंनी हो धरलं आणि माझ्या हातातली पावती घेऊन, त्यांच्यासमोर ठेवून, सही करून घेतली.

त्या बाहेर आल्या तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. हेल्मेट काढलं, गजरा चेपलेला होता. एप्रन माझ्या खिडकीत टाकला. शालूला बामाचा वास इतका भरला होता, की त्या संध्याकाळी मांडवात अर्धी वऱ्हाडी मंडळी ताजीतवानी होऊन नाचली, असं पुढे त्यांच्या बहिणीने सांगितलं. स्कूटरला किक मारली. गेटात घाडगे उभे होते, एक पाय आत, एक पाय बाहेर. तिथे त्यांना मॅडम म्हणावं की ताई, हे आज ठरवायला वेळ नव्हता. त्यांनी नुसतंच विचारलं, साहेब काय म्हणाले?

ताईंनी आरसा सरळ केला.

“बूट परत घ्या,” त्या म्हणाल्या. “उद्या तुमची फस्ट हाय.”